हेडक्लार्कच्या मानेवरील उपचार

सन १९५७. पिंपरीच्या एका नव्या कारखान्याचे हेडक्लार्क लक्ष्मणराव यांची मान कामावर असतानाच धरली. मॅनेजर नानासाहेबांच्या बोलण्यावर मान डोलावता डोलावता कळ निघाली आणि खांद्यातून थेट उजव्या अंगठ्यात मुंग्या सोडून बसली. हातात टाक धरवेना.

पुण्याच्या दवाखान्यात सुमनताई फिजिओथेरपी नावाचा नवा उपचार करीत. त्या म्हणाल्या, "मानेतली शीर दबलीय. रोज शेक घ्यायचा, हनुवटीला पट्टा बांधून कप्पीवरून वजनाचा ताण द्यायचा. दीड महिना हा गळपट्टा घाला. मान खाली घालायची नाही."

"साहेबांसमोरसुद्धा?"

"कुणासमोरही."

सोमवारी लक्ष्मणराव गळपट्ट्यावर मफलर गुंडाळून कामावर आले. नानासाहेबांनी हुकूम वाचला : कामगारांनी पाणी पिण्यापूर्वी तीन प्रतींत अर्ज करावा व तहानेचे कारण नमूद करावे.

"मान्य ना, लक्ष्मणराव?"

लक्ष्मणरावांनी तोंड उघडलं. पण वीस वर्षांच्या कारकुनीत संमतीचं खातं मानेकडेच होतं, तोंडाला शब्द सुचेना. मान ताठच राहिली. नानासाहेब चपापले. हा माणूस ताठ उभा राहतो, म्हणजे याला वरून काही कळलेलं असणार! हुकूम मागे घेतला गेला.

दुपारी भट्टीवरचा सोपानराव हात जोडून आला. "तुमच्यामुळं घसा वला ऱ्हायला, राव. मान वाकवली न्हाई तुमी!"

लक्ष्मणराव खरं सांगणार होते. पण ऐकायला फार गोड वाटलं. शूर व्हायला फक्त शीर दबावी लागते, हे त्यांना नव्यानंच कळलं. त्या महिन्यात त्यांनी निव्वळ उभं राहून आणखी चार हुकूम पाडले. घरीही ते ताठ बोलू लागले. पत्नी दुर्गाबाईंनी त्यांना भाजी आणायला पाठवलं.

दीड महिन्यानं सुमनताईंनी गळपट्टा सोडला. "शीर मोकळी झाली."

"आणखी दोन महिने राहू द्या ना."

"दुखतंय?"

"नाही. पण हा काढला की मी 'हो' म्हणतो."

"त्यावर आमच्याकडे व्यायाम नाही."

दुसऱ्या दिवशी नानासाहेबांनी पाण्याचा हुकूम पुन्हा वाचला. दारात सोपानराव आशेनं उभा. लक्ष्मणरावांनी दात आवळले, पाय रोवले. मान आपणहून खाली गेली, हनुवटी छातीला टेकेपर्यंत. सोपानराव दारातून वळला. अर्जाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

कळ नाही, मुंग्या नाहीत. 'उपचार संपूर्ण यशस्वी' असा शेरा पडला. वाचकांपैकी ज्यांना मान खाली घालताना कुठेच काही दुखत नाही, त्यांचीही प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी.