त्रेचाळीस कोरे सारस

मी एकदा सारसाला रंग दिला. एकदा म्हणजे एका दुपारी. सारस त्रेचाळीस होते. एकतीस वर्षं शाळेत जिनं चित्रकलेचा तास गणितासाठी खाल्ला, त्या बाईनं, म्हणजे मी, निवृत्त होताच शेजारणीच्या चित्रात हात घातला. तेव्हा वय लहान होतं. अठ्ठावन्न. त्या वयात वाटतं, आपल्याला सगळं कळतं. आता सत्तरीत, दुसऱ्यांना काही कळत नाही एवढंच वाटतं.

ही शेजारीण म्हणजे धुरपताबाई. गोंदियात राइस मिलच्या मागच्या गल्लीत आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. तिनं उभा जन्म विड्या वळल्या. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कातर फिरवायची, पान तयार. बोटं विड्यांना कंटाळली तेव्हा तीच कातर तिनं शुभेच्छापत्रांवर चालवली, आणि गल्लीत कोणालाही सुखानं जगणं मुश्कील झालं.

वाढदिवसाला पत्र कोणीही देतं. धुरपताबाईचं पत्र कशावरूनही यायचं. विजेची डीपी जळाली, तीन दिवसांनी दुरुस्त झाली, तर खांबावरून उतरणाऱ्या लाइनमनच्या हातात पत्र: "उजेड पाडला, धन्यवाद." शेजारची म्हैस व्याली, तर पत्र, तेही मालकाला नाही, म्हशीच्या नावानं. मी निवृत्त झाले त्या दिवशी मला आलं. वर सुंदर कमळ, आत दोन ओळी: "अभिनंदन. लेकरं सुटली."

ते कमळ माझ्याच गुडघ्यातून कापलेलं होतं. थट्टा नाही. तिच्या कलेत आधी कागदावर एक आकार ठेवायचा, त्याला ती 'झाकन' म्हणे. मग भोवतीनं फोमच्या बोळ्यानं रंग ठोकायचा. झाकण उचललं की खाली कोरा पांढरा आकार. ओल्या रंगानं कागदी झाकण भिजून वळतं, म्हणून ती एक्स-रेच्या फिल्मची झाकणं कापायची. गल्लीत कोणाचं हाड मोडलं की ही डबा घेऊन भेटायला जाई आणि येताना एक्स-रे घेऊन येई. फोम ऑटोच्या फाटक्या सीटमधला. शिक्के हवाई चपलेचे तळवे कोरून केलेले. लाकडाच्या ठोकळ्याला विडीचा गुलाबी धागा गुंडाळून कागदावर दाबला की धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, उभी.

"मोबाईलवर फुलं येतात की आता," मी एकदा म्हटलं.

"थ्या फुलाले कोनाचा हात लागला? अंगठा. अंगठा तं राशनच्या दुकानातबी लागते."

मला शिकवायचा प्रयत्नही तिनं केला. मी फोम हातात घेतला आणि फळा पुसावा तसा फिरवला.

"ठोका, मॅडमबाई, घासू नोका! भांडे होत का?"

पाच मिनिटांत फोम काढून घेतला. मग स्वतः ठोकलं, झाकण उचललं आणि मला म्हणाली, "पाहा. झाकलं थेच दिसते."

हे तिचं आवडतं वाक्य. कोणी काही लपवू लागलं की हमखास यायचं. तिचे दीर, मुरलीधरभाऊजी, टकलावर कानाजवळचे चार केस आडवे लावत. ते गल्लीत शिरले की ही फोम ठोकता ठोकता हळूच म्हणे, "झाकलं थेच दिसते."

तिचा नवरा मात्र काहीच झाकत नसे. मिलमध्ये पोती उचलायचा आणि घरी आला की ओट्यावर पांढऱ्या बनियानवर बसायचा. उन्हाळा, हिवाळा, पाहुणे, पोळा, सगळं त्याच बनियानवर. मेहुण्याच्या लग्नातही शर्ट खांद्यावर टाकून हिंडला म्हणतात. मी त्याचं वळण सुधारावं म्हणून एकदा सदरा भेट दिला. त्यानं तो सायकलच्या सीटवर घातला. पुढे छातीचं दुखणं झालं, दवाखाने झाले आणि तो ओटा रिकामा झाला.

दोन वर्षांनी लेकीचं, वैशालीचं, लग्न ठरलं. भाऊजी पत्रिकेचा मजकूर घेऊन आले. मी तिथंच चहा पीत होते, म्हणून शब्द न् शब्द ऐकला.

"वहिनी, नाव माझं टाकलं. शुभकार्याच्या पत्रिकेवर गेलेल्या मानसाचं नाव कायले? पाहुन्यायले चालत नाई."

धुरपताबाईची कातर थांबली नाही. "नाव नोको? नाई टाकत. पन पत्रिका मी बनवीन."

"अवो, सोनेरी छापून भेटते ना! हे चपलेचे ठसे घेऊन कोनाच्या दारात जाऊ मी?"

"पोरगी का छापून आनली होती आमी? हातानंच वाढवली ना? मंग पत्रिकाबी हातानंच होईन. लाज वाटत असन तं दारात ठेवा अन् पळा."

भाऊजी केस सारखे करत निघून गेले.

पंधरा दिवस भिंतीपलीकडून नुसतं टिपटिप, टिपटिप. आतला मजकूर तेवढा प्रेसमध्ये छापला, वरचं चित्र तिचं. केशरी आभाळ, खाली धानाची बांधी, आणि बांधीत सारसाची जोडी. एक सारस चपलेच्या शिक्क्यानं उमटवलेला: राखाडी अंग, लाल डोकं. त्याला खेटून दुसरा, नुसता पांढरा. दीडशे पत्रिका.

मग ती भावाला आमंत्रण द्यायला तिरोड्याला गेली. जाताना मला म्हणाली, "मॅडमबाई, थोडे पाकिटात भरून ठेवान का?"

भरायला बसले तर काय, एक सारस रंगलेला आणि दुसरा कोरा! मला वाटलं, बिचारीचा रंग संपला. भांडण माझ्यासमोर झालेलं, झाकणाचा धडा मला स्वतःला मिळालेला, तरी ही हुशार बाई काय करते? घरातून स्केचपेन आणते. राखाडी अंग, लाल डोकं, अगदी जोडीदारासारखं. मध्येच गुणगुणतेसुद्धा. लाल रंग कुठंही रेघेबाहेर जाऊ दिला नाही, एवढं मात्र माझ्या बाजूनं लिहून ठेवा.

चव्वेचाळिसाव्याला हात घातला आणि ती दारात उभी.

"संपला होता ना रंग?" मी आनंदानं विचारलं. "त्रेचाळीस केले!"

तिनं पिशवी ठेवली. एक पत्रिका उचलली. मग दुसरी. मग तिसरी. तिन्ही खाली ठेवल्या. तिचे हात असे रिकामे लोंबताना मी पहिल्यांदा पाहत होते. तिनं फळीवरचा पत्र्याचा डबा उघडला, त्यातलं सारसाचं झाकण काढलं आणि दारातल्या उजेडात धरलं.

सारसाच्या पोटात बरगड्या होत्या.

"वैशालीचा बाप होय हा," ती म्हणाली. "दवाखान्यातला शेवटचा फोटो. नाव नोको म्हनलं ना त्यायनं. म्हनून असा आनला."

माझ्या हातातलं स्केचपेन मला कुठं ठेवावं कळेना. "धुरपताबाई, मी आत्ता कागद आणते. मी स्वतः नवे ठोकून देते."

"तुमी? तुमी घासान."

ती रंगवलेली एक पत्रिका घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसली, नवरा बसायचा त्याच जागी. पत्रिका हातभर लांब धरली. मान तिरपी केली. मग तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडते. ती हसत होती. मग थोडी रडलीही. डोळे पदरानं टिपले, घासले नाहीत.

मी चोरासारखी दाराच्या चौकटीत उभी होते. तिनं मला हाक मारली, शेजारी बसवलं आणि त्या त्रेचाळीस पत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन म्हणाली:

"जनमभर बनियानवर फिरला थो मानूस. पोरीच्या लग्नालेबी तसाच येत होता. तुमी कोट घातला, लाल फेटा बांधला. हे त्रेचाळीस पयले भाऊजीच्या मानसायकडे जातीन, मॅडमबाई. पाहू दे त्यायले, कोन येऊन राहिला थे."