चॉकलेटचा लष्करी ट्रक

सोपानभाऊ वास घेतल्याशिवाय कशालाही हात लावत नसत. भाजीचा, दुधाचा वास आपण सगळेच घेतो. सोपानभाऊ रेल्वेच्या तिकिटाचाही घेत. मी नवी नवरी म्हणून वलवणला आले आणि शेजारचे वडीलधारे म्हणून त्यांच्या पाया पडले, तेव्हा आशीर्वाद द्यायच्या आधी ते दोनदा हुंगले आणि सासूबाईंना म्हणाले, "साबन पुन्याचा हाय. पोरगी बरी दिसती."

मला राग आला. मी मॅट्रिक पास होते. त्या काळात आमच्या आळीत मॅट्रिक झालेली सून मी एकटीच, आणि हे कुणी विसरू नये याची काळजी मी स्वतः घेत असे. हा माणूस संशयी आहे, म्हणून मी त्याच्यावर संशय घ्यायला सुरुवात केली. माझी अक्कल तेव्हा अशीच चालायची.

भाऊंनी देहूरोडच्या डेपोत वीस वर्षं लष्करी ट्रकांना रंग मारला होता. ब्रशनं नव्हे, हवेनं रंग उडवायच्या गननं. निवृत्त होताना तिथली निकालात काढलेली एक गन त्यांनी मागून घेतली. हिरव्या रंगाचे ओघळ सुकून तिच्यावर खवले झाले होते. गावात मात्र "सोपाननं देहूरोडवरनं बंदूक आणलीय" असं पसरलं आणि पोलीसपाटील दोनदा सहज म्हणून चहाला येऊन गेले. भाऊंनी दोन्ही वेळा त्यांच्याही कपाचा वास घेतला.

पुढे लोणावळ्याच्या बाजारात एका शेटजींकडे ते चॉकलेट करायला राहिले. बंगलेवाल्यांसाठी तिथे चॉकलेटचे मासे, होड्या, घरं होत. त्यांच्यावर ब्रशनं मुलामा देत, त्याच्या रेघा उठत. भाऊंना ते बघवेना. म्हणाले, "शेटजी, गननं मारू. मखमलीवानी बसंल."

"आणा गन," शेटजी म्हणाले. "पण नवी."

ती निवडायला भाऊंनी मला पुण्याला नेलं. सोबतचा कागद इंग्रजीत असायचा, तो वाचायला. मला वाटलं, बरोबर आहे, यांना कुठलं वाचता येणार. ट्रकवर नंबर मारायचे, तेसुद्धा पत्र्यातल्या भोकांतून. मी जरीकाठी नेसून गेले.

दुकानदारानं पाच गना मांडल्या. भाऊंनी पिशवीतून दाभण काढलं.

"हे कशाला?"

"गनच्या तोंडात जायाला पायजे. सुईच्या भोकाची गन पातळ रंगाला ठीक. आमचा माल घट्ट हाय, अडकंल."

दोन गना दाभणावर बाद झाल्या. तिसरीचं भांडं खालच्या बाजूला होतं. "घट्ट माल खालनं वर चढत न्हाई. वरनं खाली घरंगळतो. भांडं वर पायजे." तीही गेली. चौथी त्यांनी नाकाशी धरली.

"हिच्यातनं आदी कायतरी उडवलंय."

"दाखवायला पाणी मारलं होतं हो."

"पान्याला राकेलचा वास?"

दुकानदार आता त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघू लागला. "आजोबा, रंगवायचं काय आहे तुम्हाला?"

"चाकलेट."

त्यानं खात्री करायला माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याबरोबर नसल्यासारखी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

पाचवी गन पसंत पडली. परतीची गाडी यायची होती. शिवाजीनगर स्टेशनच्या बाकावर भाऊ ते खोकं मांडीवर घेऊन बसले आणि मी न विचारताच बोलायला लागले.

"सूनबाई, हे हात हायेत ना, ह्यांना वीस वरीस रंगाचा वास यायचा. राखेनं घासले, लिंबानं घासले, जाईना. घरी गेलो की आमची ल्हानगी सुमन पळत यायची आणि नाक मुरडून आईच्या पाठी जायची. बायको म्हनायची, तुमी भरवू नका तिला, वकती. खरंच वकायची. आता वास गेला. बायको बी गेली. सुमन कान्ह्याला नांदती, चार म्हयन्यांनी येती, सोताच्या हातानं रांधती, खाती, जाती. माझ्या हातचं तिनं आजवर काय खाल्लं न्हाई."

मी "अरेरे" म्हटलं. मनात म्हटलं, यात काहीतरी असणार. मी तेव्हा रहस्यकथा फार वाचत असे.

माघात माझ्या नणंदेचं लग्न निघालं. भाऊ सासूबाईंना म्हणाले, "रुखवतात एक वस्तू माझी ठिवा. सुमन येनार हाय लग्नाला." सासूबाई हो म्हणाल्या. रुखवतातल्या प्रत्येक वस्तूपुढे कागदाची पाटी लिहायचं काम अर्थातच मॅट्रिककडे. "करंजीला मुरड घातली नणंदेनं, खाऊन बघा जरा आनंदानं" असलं काव्य मी तीन दिवस पाडत होते.

आणि कुंपणावरून भाऊंवर पाळत ठेवत होते. चॉकलेट आणि कोकोचं लोणी निम्मं-निम्मं वितळवायचं, मलमलीतून गाळायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचं. गन गरम फडक्यात गुंडाळून ठेवायची, गार पडली की माल तिच्यातच थिजतो. मग पायपंपानं हवा भरायची आणि वस्तूपासून वीतभर लांब धरून मारायचं. ते स्वतःशीच पुटपुटत, "मोकळ्यावर चालू, मोकळ्यावर बंद." म्हणजे घोडा वस्तूच्या बाहेर दाबायचा आणि हात पार पलीकडे गेल्यावर सोडायचा. मध्येच थांबलं की ओघळ. हे सगळं मला पाठ झालं होतं. लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा मात्र मला हवं ते दिसलं. मागच्या पडवीत खिळ्याला ती जुनी, हिरव्या खवल्यांची गन टांगलेली. ओली. तिच्यातून तांबूस थेंब गळत होते. आणि शेटजींकडून लग्नापुरत्या आणलेल्या नवीचं खोकं फळीवर, सुतळीनं बांधलेलं. म्हणजे चॉकलेट त्या विषारी रंगाच्या गननंच मारलं जात होतं!

मला इतका आनंद झाला की लाज वाटावी.

लग्नाच्या सकाळी भाऊंनी वस्तू आणली. हातभर लांबीचा लष्करी ट्रक. चाकं, मडगार्ड, मागची ताडपत्री, सगळं चॉकलेटचं. वर असा मुलामा की बोट लावलं तर लव हलेल. लांबून रंगवलेला पत्राच वाटत होता. माझ्या दृष्टीनं तो पुरावाच झाला. मी कुणाशी बोलले नाही. कागद घेतला, सुवाच्य अक्षरात लिहिलं, "शोभेची वस्तू. खाऊ नये." आणि ट्रकपुढे ठेवला. पाहुण्यांचे जीव वाचवल्याचं समाधान मला मंगलाष्टकं संपेपर्यंत पुरलं.

नवऱ्यामुलाकडचं कामशेतचं वऱ्हाड जेवून रुखवताभोवती जमलं. लाडू गेले, करंज्या गेल्या. ट्रकचं कौतुक सगळे करत, पाटी वाचत आणि पुढे सरकत. भाऊ मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. धुतलेला सदरा, टोपी, हात मागे. मग सुमन आली. बापासारखीच उंच. ती ट्रककडे बघून हसली, मागच्या चाकाला हात घातला, तेवढ्यात तिची नजर पाटीवर गेली. तिनं हात मागे घेतला आणि पदराला पुसला.

भाऊ खांबापासून निघाले. पाटीपुढे बराच वेळ उभे राहिले. मग ती उचलून माझ्याकडे आले.

"सूनबाई, काय लिवलंय गं हितं?"

त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. थिनर, विषबाधा, सगळी भाषणं तयार होती. पण त्यांनी कागद माझ्यापुढे नीट दोन्ही हातांनी धरला होता आणि ते हात मला पहिल्यांदा जवळून दिसले. नखं मुळापर्यंत कापलेली. घासून घासून बोटांवरच्या रेषा गेलेल्या.

"सोपानभाऊंच्या हातचं," मी वाचलं.

"एवढंच?"

"आणि... गोड मानून घ्या."

"बरं लिवलंस," ते म्हणाले. "मंग कुनी खाईना का?"

मी ट्रकपाशी गेले, त्याचं पुढचं मडगार्ड मोडलं आणि तोंडात टाकलं. मरायचं तर मरू, असं खरंच मनात आलं. मी वेडीच होते. ते विरघळलं. आधी कडसर, मग गोड, मग दुधाळ. रंगाचा मागमूस नव्हता. मी दुसरं मडगार्ड मोडलं.

"पण भाऊ, ती जुनी गन ओली होती पडवीत," भरल्या तोंडानं मी बोलून गेले.

"गेरूचं पानी मारलं तिच्यातनं. रोज, हात बसवाया. नवीनं मारायचं म्हंजी हात पटला पायजे आदी."

मी खातेय बघून कामशेतकर तुटून पडले. बॉनेट गेलं, दारं गेली. सुमन अजून लांबच उभी होती. भाऊंनी ताडपत्रीचा तुकडा मोडला आणि तिच्याकडे गेले. तिनं घ्यायला तळहात पुढे केला. त्यांनी तो नुसता बाजूला केला आणि घास तिच्या तोंडाशी नेला. चाळिशीला टेकलेली बाई, चारचौघांत लाजली. मग तिनं आ केला.

पुढे चैत्रात मी कैरीची डाळ द्यायला त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. भाऊ पडवीत चष्मा लावून पोथी वाचत बसले होते. ओठ हलत होते, बोट ओळीवरून सरकत होतं. त्यांनी पान उलटलं आणि वाचणं तसंच पुढे चालू ठेवलं. मी वाटी हातात घेऊन उंबऱ्यातच थांबले.

त्यांनी मान वर केली. मला पाहिलं, सावकाश चष्मा काढला आणि पोथी मिटून मांडीखाली सरकवली.

"ये, बस," ते म्हणाले. "चित्रं बघत व्हतो."

मी म्हटलं, "छान आहेत."