भानूनानांचं माप

भानूनाना दर दोन तासांनी हातातलं काम टाकून निघून जातात. गिऱ्हाईक तालेवार असो की टेम्पोवाला, बॉनेट उघडं असो की सीट सुटी करून ठेवलेली, वेळ झाली की टेस्टर खिशात आणि नाना रस्त्यावर. जाताना एकच शब्द. "आलोच."

मिरजगावात हायवेला लागून त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. शेजारी माझं झेरॉक्सचं. मी कामगार चळवळीची पत्रकं वाचत वाढलो आणि आता स्वतः लिहितो, त्यामुळे नानांचं हे उठून जाणं मला फार आवडलं. 'श्रमिकाचा वेळ श्रमिकाच्या मालकीचा' असं पत्रकच मी त्यांच्यावर काढलं. नानांनी ते शेवटपर्यंत वाचलं, त्याच्या चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारल्या.

"आता कामाला आलं बग तुजं पत्रक."

वाकडं त्यांना बघवतच नाही. माझं कॅलेंडर, टपरीवरचं बाकडं, इतकंच काय, समोरच्याच्या डोक्यावरची टोपीसुद्धा ते बोलता बोलता सरळ करतात. मोजतात बोटांनी. टेप आहे, पण ती गिऱ्हाइकाला दाखवायला.

गेल्या महिन्यात सोपान ड्रायव्हर शिर्डीच्या एका हॉटेलमालकाची भलीमोठी गाडी घेऊन आला. स्प्रिंगच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या असतात ना, तसली. घोडेगावच्या बाजारात एखाद्या म्हशीनं अर्धवट बसकण मारावी, तशी ती मागून उजवीकडं बसली होती. कुठल्याशा गॅरेजवाल्यानं निकाल दिला होता, की गाडी खड्ड्यात आदळली आणि हवा भरणारा पंप गेला. मालक कर्जतला लग्नात होते. सहाला गाडी न्यायला येणार होते आणि चूक सोपानची ठरली तर त्याची नोकरी त्याच क्षणी संपणार होती.

"बारा वर्षं झाली नाना, एक ओरखडा न्हाई गाडीला," सोपान म्हणाला.

मी पेटलो. "सोपानभाऊ, आत्ता पत्रक लिहितो!"

"ऱ्हाऊ दे. आदी मीटर," नाना म्हणाले.

त्यांनी चारही चाकांवर बोटं लावली. मागं उजवीकडं चार बोटं कमी. फ्यूज शाबूत होता. पंपाला थेट बॅटरीवरून करंट दिला, तर तो झकास घुरघुरला. "ह्यो धडधाकट हाय. गरीब बघून आळ घेतलाय ह्याच्यावर." मग ते गाडीखाली सरकले. अशा गाडीला चाकापाशी सेन्सर असतो. गाडी किती उंच उभी आहे, ते तो आतल्या कॉम्प्युटरला कळवत राहतो. नानांनी तिथं मीटर लावून वायर हलवली. आकडा टुणकन उडाला.

"घावलं वाटतं..." आणि चार वाजले. नाना गाडीखालून बाहेर आले. "आलोच."

सोपानच्या डोळ्यांत पाणीच आलं. माझाही सगळा विचार कोलमडला. एका श्रमिकाच्या विश्रांतीपायी दुसऱ्याची नोकरी जाणार? मी नानांच्या मागं पळालो.

गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. ओट्यावर खुर्चीत काकू बसल्या होत्या. त्यांच्या अंगावरून वारं गेलंय, एवढं मला ठाऊक होतं. नानांनी खुर्चीचा हात आणि काकूंचा खांदा यांच्यामध्ये बोटं धरली.

"डावीकडं दोन बोटं बसलीस."

"न्हाई हो. सरळ तर हाय."

"तुला वाटतं सरळ." त्यांनी काखेत हात घालून काकूंना हळूच उचललं, गोधडीची घडी खाली सारली, पदर नीट केला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तिचं तिला कळत न्हाई. कुनीतरी येऊन सांगाया पायजे. न्हाईतर पाठ धरती."

काकू मला म्हणाल्या, "गिऱ्हाईक सोडून येत्यात. लोक शिव्या देत असतील न्हाई?"

"नाही काकू. पत्रकं काढतात."

परत येऊन नानांनी सेन्सरचा प्लग उघडला. आत हिरवा गंज आणि ओल. सेन्सरची दांडी मात्र सरळ, आदळल्याची एकही खूण नाही. "ह्यो खोटाच निरोप देतोय, गाडी लई उंच झाली म्हनून. मग गाडी बिचारी हवा सोडती. धुता कशानं?"

"प्रेशरच्या पान्यानं, खालून. रोज. मालकांची ताकीद हाय."

नानांनी पिना चिंधीनं घासल्या, वाळवल्या, प्लग बसवला. इंजिन सुरू झालं आणि गाडी सावकाश उठली, गुडघ्यावर हात टेकून म्हातारं माणूस उठावं तशी.

सहाला पाच कमी असताना मालक आले. नानांनी गंजाची चिंधी त्यांच्यापुढं धरली. "ह्यात ड्रायव्हरचा काय दोष?" मालक वाद घालू लागले. नानांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा घड्याळाकडं. सहा वाजत होते, आणि नाना जागचे हलले नाहीत. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"नाना, मी जातो."

त्यांनी क्षणभर माझ्या बोटांकडं बघितलं. "जा."

काकू कललेल्या होत्या. मी माप घेतलं. "तीन बोटं, काकू."

"कसली तीन! तुजी बोटं बारीक, लिवनाऱ्याची. त्यांची दोनच भरतील."

मी घडी नीट करत होतो, तेवढ्यात हायवेवर हॉर्न वाजला. गल्लीच्या तोंडाशी ती गाडी क्षणभर दिसली. चारही बाजूंनी सारखी, स्टीअरिंगवर सोपान, मागं मालक.

"झालात काकू सरळ."

"असंल," काकू गल्लीकडं बघत म्हणाल्या. "ते येऊन बघतील, तवा खरं."