बिरादार सरांचा हायड्रोजन

बिरादार सरांच्या प्रयोगशाळेत शिरण्याआधी श्वास बाहेर सोडून यावं लागतं. माणसाच्या श्वासातली वाफ अवरक्त, म्हणजे उष्णतेचे किरण शोषून घेते आणि सरांचं मोजमाप बिघडतं. आमच्या नांदेडच्या कॉलेजचे प्राचार्य एकदा आत उभे राहून बोलायला लागले, तर सरांनी त्यांना हाताला धरून व्हरांड्यात आणलं. "इथं बोला साहेब. लई वाफ सोडून राहिलात तुम्ही!"

मी त्यांचा प्रयोगशाळा सहायक. सर रिटायर झालेत, तरी रोज येतात. पोलादी नळीत हायड्रोजन भरायचा, गुरू ग्रहावर असतो तसा गारठवायचा आणि तो किती अवरक्त किरण शोषतो ते मोजायचं, एवढाच उद्योग. सर गुरूचं बघतात असं ऐकून लोह्याचे एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आले होते. सरांनी त्यांना पाऊण तास हायड्रोजन समजावला. "एकटा रेणू काय बी शोषत न्हाई बघा. दुसरा येऊन धडकला, की त्या घडीपुरती दोघांना ऊब कळती."

गृहस्थ खूश. "म्हणजे जमंल म्हणता?"

आता शेवटचं एकच मोजमाप उरलं होतं. ते झालं की खोली कॉम्प्युटर विभागाला द्यायची, असं ठरलेलं. नेमकी तेव्हाच नळी गळायला लागली. संध्याकाळी गॅस भरावा, तर सकाळी दाब उतरलेला. तीन महिने मी प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधत होतो आणि सर शेजारी बसून अहमदपूरच्या शाळेतल्या गमती सांगत होते.

मागच्या सोमवारी मी लवकर गेलो, तर सर पान्याने नळीचा नट सैल करत होते.

खरं तर मला राग यायला हवा होता. तीन महिने म्हणजे काय थट्टा आहे! पण सरांनी पाना लपवलासुद्धा नाही.

"तुझी काकू गेल्यापासून घरात बोलायला कुणी न्हाई रे, माधव," ते म्हणाले. "ही खोली गेली की जाऊ कुठं? पण चुकलंच माझं. घट्ट करतो. आजच मोजून मोकळं होऊ."

हायड्रोजनचं काम एकट्याने करायचं नाही, असा कॉलेजचा नियम आहे.

"आज न्हाई जमणार सर," मी म्हणालो. "मी आज रजेवर हाय."

"मग आलास कशाला?"

"गप्पा मारायला."