खंदारेभाऊंची ग्रीक स्थळं

आमच्या पुसदच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की लोक आधी त्याचं आडनाव विचारतात आणि मग आडनावावरून बाकीचं ताडत बसतात. माझे शेजारी खंदारेभाऊ त्या भानगडीत पडत नाहीत. टेम्पोतून गाद्या उतरत असतानाच ते जवळ जाऊन उभे राहतात आणि विचारतात, "तुमचा ग्रीक देव कोनता?"

मध्ये एक लाइनमन राहायला आला. त्याला वाटलं, ग्रीक हे महागावकडचं एखादं खेडं असेल. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "आमची तं माहूरची रेणुका."

"ते राहू द्या. ग्रीकमधला सांगा. नाई सांगत? मंग तुमाले झ्यूस. आभाळात गुरगुर झाली का लाइट गुल, हे कामच त्याचं हाय."

तेव्हापासून त्या लाइनमनला सगळी गल्ली झ्यूसभाऊ म्हणते. पाण्याचा टँकरवाला पोसायडन. "आपल्याकडं समुद्र कुठं हाय? पन खुश असला तं पानी, नाराज असला तं हंडे घेऊन बसा." मी स्वतःसाठी अपोलो मागितला होता, कारण तो गातो आणि दिसायलाही बरा आहे. भाऊंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "सर, तुमी गाता तवा गल्लीतले कुत्रे भुकतात. दुसरा कोनी पाहू."

भाऊ एका शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. ग्रीक पुराणांचं पुस्तक मूळचं त्यांच्या मुलीचं, प्रज्ञाचं. वक्तृत्वात तिला ते बक्षीस मिळालं होतं. ती लग्न होऊन पुण्याला गेली आणि पुस्तक फळीवर राहिलं. भाऊंनी ते चाळायला म्हणून काढलं, ते काही परत फळीवर गेलं नाही. झ्यूसच्या भानगडी तेवढ्या त्यांनी गच्चीवर जाऊन वाचल्या, कारण त्या वहिनींसमोर वाचण्याजोग्या नाहीत.

घर बावीस प्रतिज्ञांचं. देवघर नाही, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. त्यामुळे वहिनींना हा सगळाच प्रकार मान्य नाही. "घरातले देव आजेसासऱ्यानं पूस नदीत सोडले, अन् तुमी परदेशातले बारा घरात घेतले!" असं त्या आठवड्यातून एकदा तरी ऐकवतात.

भाऊंचं उत्तर ठरलेलं. "पूजा नाई करत, पसंती सांगतो. पसंतीले बंदी नाई. बावीसच्या बावीस पाहून घेतल्या, याइचं नाव कुठंच नाई."

गंमत अशी की दुसऱ्यांना देव वाटत फिरणाऱ्या या गृहस्थाचं स्वतःचं काही ठरत नव्हतं. प्रज्ञासाठी त्यांनी जशी स्थळं पाहिली, तसेच ते देव पाहत. "नोकरी पाहा, घर पाहा, पेतो का ते पाहा." डायोनायसस पितो, बाद. लढाईचा देव एरीस तापट, बाद. हर्मीस चांगला, पण सतत फिरतीची नोकरी. एक हेडीस मात्र त्यांना बराच पटला होता. "पाताळाचा राजा हाय, पन नोकरी कायमची. घर स्वतःचं. पेत नाई, बाहेर भानगड नाई. स्थळ म्हून एक नंबर. पन लय दूर, सर." असं म्हणून ते पुस्तक मिटत. एवढं बोलणारा माणूस नेमका इथेच का थांबतो, हे मला कळत नसे.

या मे महिन्यात प्रज्ञा बुद्ध पौर्णिमेला माहेरी आली. जरा अशक्त झाली होती, म्हणून मी चौकातून चांगली टपोरी डाळिंबं घेऊन गेलो. भाऊंनी मला फाटकातच अडवलं आणि पिशवी हातातून ओढून घेतली.

"डाळिंब नको. चिकू आना, पपई आना. डाळिंब या घरात नाई."

"काहून नाई?" आतून वहिनी.

"डाग पडते!"

मी चाटच पडलो. हा माणूस ग्रहणात गल्लीला दिसेल असा गच्चीवर बसून पोहे खातो. रस्त्यावर लिंबू-मिरची दिसली तर लिंबू फुकट गेलं म्हणून हळहळतो. त्याला डाळिंबाचं काय भय? संध्याकाळी पाहतो तर स्वारी ओट्यावर एकटी बसून सगळी डाळिंबं संपवत होती.

"फेकवत नाई ना सर. अन् मी खाल्लं तं काय होते, मी तं इथलाच."

मग मी खनपटीलाच बसलो, तेव्हा गोष्ट बाहेर आली.

"डेमीटर म्हून एक बाई हाय, शेतीची. तिची पोट्टी हेडीसनं नेली. बाईनं सगळं पीकच बंद केलं. शेवटी झ्यूस हेडीसले म्हने, दे बाबा पोट्टी वापस. पन पोट्टीनं डाळिंबाचे दाने खाल्ले होते. जितके दाने तितके महिने तिकडं राहा लागते. बाकीचे महिने मायजवळ. पोट्टी आली का त्याइच्या देशात सगळं हिरवं होते म्हंते." त्यांनी समोरच्या तापलेल्या रस्त्याकडे पाहिलं. "आपलं उलटं हाय. आपली पोट्टी येते तवा भुई फाटलेली, अन् जाते तवा पेरण्या. पन बाई मले पसंत हाय, सर. बाकीचे सारे देव आपल्याच नादात. हे एकटी पोट्टीसाठी बसली."

मास्तरकीची खोड जाते कुठे?

"भाऊ, दाणे तिनं तिकडं खाल्ले, म्हणून तिला तिकडं राहावं लागलं. इथं खाल्ले तर इथं राहावं लागेल ना?"

भाऊंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ताटलीतल्या सालींकडे. "अरे बापा," एवढंच म्हणाले.

प्रज्ञाला न्यायला जावई आले, त्या सकाळी मी निरोपाला गेलो. भाऊ उजाडल्यापासून डाळिंबं सोलत होते, बोटं लाल झाली होती. प्रज्ञा पायात चप्पल घालत होती, तर ते वाटी घेऊन समोर उभे.

"गाडीत खाते ना बाबा."

"नाई. इथंच खाय. उंबऱ्याच्या आत."

"डाग पडतीन," वहिनी टोमणा मारून मोकळ्या झाल्या.

प्रज्ञानं वाटीकडे पाहिलं, मग बापाकडे. पुस्तक तिचंच होतं. तिनं चप्पल काढली आणि आत येऊन पाटावर बसली.

"किती खाऊ, बाबा?"

मला वाटलं, आता बारा म्हणतात. पण त्यांनी दाराशी बॅग धरून उभ्या असलेल्या जावयाकडे पाहिलं. पोरगा सालस आहे, नोकरी कायमची आहे.

"दोन खाय," ते म्हणाले. "बाकीचे डब्यात देतो. दोघं मिळून खाजा तिकडं."

प्रज्ञानं मूठ भरून दाणे घेतले आणि बापाकडे बघत सगळे एकदम तोंडात टाकले.