लिहिलंय तसंच

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावरची हत्तीण नाकाने कांदे सोलू लागली.

पहिल्या रांगेतल्या दिग्दर्शकाला घाम फुटला. त्याने लिहिली होती ती कळपाला उठता-बसता उपदेश करणारी एक शिष्ट हत्तीण. ही तर सोंडेने खरोखरच एकेक पापुद्रा काढत होती आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

वीस वर्षं त्याने नाटकांसाठी विनोद लिहिले. नट पदरचे शब्द घुसडायचे, हा एकेका स्वल्पविरामासाठी भांडायचा. त्यावरून त्याचं नाव 'स्वल्पविराम' पडलं. कार्टून सिनेमाकडे तो वळला तो एवढ्याचसाठी, की चित्रं उलट बोलत नाहीत. पहिल्याच दिवशी त्याने भिंतीवर पाटी लावली : 'लिहिलंय तसंच काढा.' आज तयार झालेला अर्धा तास पाहून निर्मातीबाई ठरवणार होत्या, की उरलेला सिनेमा त्याने करायचा की पुन्हा लिहायला बसायचं.

"हे काय चाललंय?" तो शेजारी बसलेल्या मुख्य चित्रकारबाईंच्या कानाशी पुटपुटला.

"पान चौदा, सर. तीन आठवडे लागले. प्रत्येक साल वेगळं काढलंय."

"अहो, तो वाक्प्रचार आहे."

"मी विचारायला आले होते. तुम्ही पाटीकडे बोट दाखवलंत."

पुढे सशाने कानाला खडा लावला. कोणत्या कानाला लावावा, यातच त्याचं मिनिट गेलं. मग उंदराने शेपूट घातलं. टाय घालतात तसं, गळ्याशी गाठ नीट बसवून. दिग्दर्शकाने मान खाली घातली. मागून हुंदके ऐकू आले म्हणून त्याने वळून पाहिलं, तर निर्मातीबाई पोट धरून हसत होत्या. मग त्यानेही पडद्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. काय ऐट होती त्या उंदराची! दिग्दर्शकाची छाती फुगली.

दिवे लागले. "हे सुचतं कुठून हो तुम्हाला?" निर्मातीबाईंनी डोळे पुसत विचारलं.

चित्रकारबाई त्याच्याकडे बघत होत्या. खरं सांगावं तर खुर्ची जाणार.

"मी नुसतं लिहिलं," तो म्हणाला. "सुचलं ते यांना."

वीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. निर्मातीबाईंना तो विनय वाटला. सिनेमा त्याच्याकडेच राहिला.

दुपारी तीनला चित्रकारबाई शेवटचा प्रसंग घेऊन आल्या. कागदावर त्याचीच ओळ होती : 'सिंहाचा जीव भांड्यात पडतो.'

"भांडं केवढं काढू, सर?"

साडेतीन वाजले. ओळ खोडायला घेतलेलं लाल पेन त्याच्या हातात होतं, टोपण मात्र अजून काढलेलं नव्हतं.