हलणारी पायरी आणि बोलणारा डबा

कोणतीही वस्तू मोडली की माणसापुढे दोन मार्ग असतात. ती दुरुस्त करणे, किंवा ती मोडलेली आहे हे इतरांना नीट समजावून सांगणे. पहिला मार्ग कुणालाही जमतो. दुसऱ्यासाठी संस्कृती लागते.

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या लिटल गूज गावचा लॉर्न फ्रीझन हा दुसऱ्या मार्गावरचा माणूस. (पहिल्या मार्गावर त्याला कुणी पाहिलेले नाही.) धान्याच्या कोठारावरची नोकरी संपल्यापासून तो तळघरात तारा, सेल आणि डाख द्यायची सळई घेऊन बसलेला असे. घराच्या पुढच्या दाराला लाकडी पायऱ्या होत्या आणि मधल्या पायरीचा खिळा निघाल्यामुळे तिची फळी एका बाजूने उचलत असे. ही बाब त्याची बायको व्हर्ना हिने वेळोवेळी निदर्शनास आणून दिली होती. शेवटी वसंतात बर्फ वितळल्यावर तिने हातोडी आणि खिळा थेट त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"खिळा काय, कुणीही ठोकेल," लॉर्न म्हणाला.

"मग तू ठोक. तूही कुणीतरीच आहेस ना!"

लॉर्नने हातोडी बाजूला सरकवली आणि कामाला लागला. त्याला हालचाल दिसताच बोलणारे यंत्र बनवायचे होते, आणि तेही जवळपास फुकटात. शेजाऱ्याने टाकून दिलेल्या फाटकाच्या दिव्यातून त्याने हालचाल ओळखणारा सेन्सर काढला. उघडले की गाणाऱ्या वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रातून आवाज साठवणारी चकती काढली. स्पीकर मेलेल्या रेडिओचा, आणि हे सगळे मावायला मार्गारिनचा प्लास्टिकचा डबा.

"त्यात मी उरलेलं सूप ठेवते," व्हर्ना म्हणाली.

"ठेवायचीस."

चकतीवर त्याने स्वतःच्या आवाजात भरले, "सावधान, पायरी हलते आहे." मूळचे गाणे काही केल्या पूर्ण पुसले जाईना, त्यामुळे इशाऱ्यामागोमाग वाढदिवसाच्या गाण्याचा शेवट वाजे. (इशारा माणसाला घाबरवतो, गाणे धीर देते. लॉर्नने हा दोष गुणांत नोंदवला.)

पहिल्या चाचणीत वारा सुटला आणि डब्याने अंगणातल्या स्प्रूसच्या झाडाला दिवसभर सावध केले. झाड पायरीवरून पडले नाही, ही यशाची पहिली खूण. पुढे एक अडचण ध्यानात आली. डबा बोलायला जरा वेळ घेई, त्यामुळे इशारा पडलेल्या माणसालाच मिळे. पोस्टमन बर्ट जमिनीवर बसून तो संपूर्ण ऐकून गेला. तेव्हा लॉर्नने डबा दारावरून काढून फाटकाच्या खांबावर लावला आणि यंत्र परिपूर्ण झाले.

व्हर्नाची अगाथा मावशी रविवारी जेवायला आली. तिला ऐकू कमी येते.

"काय म्हणालास?" ती खांबाला म्हणाली आणि ऐकायला एक पाऊल मागे आली. हालचाल झाली म्हणून खांबाने पुन्हा सांगितले.

"माझा वाढदिवस नाहीये रे बाबा आज!"

व्हर्ना बाहेर येईपर्यंत हा संवाद चालला होता. तोवर तव्यावरचे वरेनिके, म्हणजे चीज भरलेल्या करंज्या, करपले.

या यंत्राची खरी किंमत कळली ती गावचा महापौर गॉर्ड हीबर्ट याला. गॉर्डचे गावात लोखंडी सामानाचे दुकान आहे, त्यात खिळेही मिळतात. तो रुबार्बच्या आंबट देठांची गोड पेस्ट्री खायला आला, इशारा ऐकला, तरीही घसरला आणि कठडा धरून कसाबसा सावरला. त्याच्या चेहऱ्यावर साक्षात्कार झाल्यासारखे तेज होते.

"लॉर्न, मी पडलो असतो ना, तर चूक माझी असती!"

"म्हणजे?"

"अरे, सांगितलं होतं ना मला!"

त्यानंतर गावाने मागे वळून पाहिले नाही. ओढ्यावरच्या पुलाची फळी कुजली होती, तिथे पहिला डबा लागला: "फळी कुजली आहे. नगरपालिकेला तुमची काळजी आहे." बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाचे छत गळत होते, तिथे दुसरा. गावच्या दवाखान्यातला डॉक्टर सोडून गेल्यावर प्रतीक्षागृहात तिसरा लागला: "तुमचा त्रास आम्ही समजू शकतो." (पूर्वीचा डॉक्टर हे कधीच म्हणाला नव्हता.) त्या वर्षी गावातल्या दुरुस्त्या साठ टक्क्यांनी घटल्या आणि काळजी तिपटीने वाढली.

मग व्हर्ना पडली.

बीटच्या लोणच्याच्या बरण्या अगाथा मावशीकडे पोचवून उरलेल्या दोन घेऊन ती परत येत होती. डबा बोलला, गायला, आणि ती मधल्या पायरीवरून खाली आली. लॉर्न मागच्या अंगणातून धावला. पायऱ्यांवर पसरलेला लाल रस त्याला रक्त वाटला. त्याला धावताना पाहून डब्याने त्यालाही सावध केले आणि वाढदिवसाचे गाणे वाजवले.

मनगट मोडले होते. गॉर्ड जवळच्या शहरातल्या इस्पितळात फुले घेऊन आला आणि त्याने तिथेच चौकशी उरकली.

"डबा वाजला होता?"

"वाजला होता," लॉर्न म्हणाला. त्याला एकाच वेळी लाज आणि अभिमान वाटत होता.

"मग प्रश्नच मिटला."

"तो इतका वाजतो रे, की आता ऐकूच येत नाही," व्हर्ना प्लास्टरकडे बघत म्हणाली. हा श्रोत्याचा दोष ठरला.

घरी आल्यावर तिने डाव्या हाताने हातोडी उचलली. दोन खिळे वाकले, अंगठा सुजला, तिसरा खिळा आत गेला. पायरी पक्की झाली. लॉर्न खिडकीतून बघत होता. तिच्याकडून हातोडी घ्यावी असे त्याला वाटले होते, पण ती काही बोलत नव्हती आणि न बोलणाऱ्या माणसाजवळ जायची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी गॉर्ड आला. शेजारच्या गावाची नगरपालिका डबा पाहायला येणार होती, आणि इकडे पायरी हलत नव्हती.

"हा डबा आता सरळसरळ खोटं बोलतोय, लॉर्न. गावाची अब्रू आहे रे!"

"व्हर्नाने ठोकलाय तो खिळा."

"तिला कोण नाव ठेवतंय? पाहुणे जाईपर्यंतच फक्त."

लॉर्नने खिळा उपटला. खिळा निघताना लाकूड करकरले आणि वर खिडकीतला पडदा हलला.

व्हर्ना तिच्या बहिणीकडे, एल्विराकडे, विनिपेगला गेली. मागच्या दाराने गेली, त्यामुळे डब्याला तिला काही सांगता आले नाही. पाहुणे आले, खूश होऊन गेले. मग घर इतके शांत झाले की लॉर्न संध्याकाळी उगाच फाटकाशी येरझाऱ्या घालू लागला. कुणीतरी बोलायला हवे होते.

आयुष्यातले सर्वांत चांगले काम त्याने त्यानंतर केले. नवी चकती, स्वच्छ आवाज, मागे गाणे नाही. डबाही नवा घेतला. त्यात त्याने भरले, "व्हर्ना, माझं चुकलं," आणि पार्सल विनिपेगला धाडले. एल्विराने तो डबा घरातल्या बोळात ठेवला. व्हर्ना स्वयंपाकघरात जाताना त्याने माफी मागितली, येतानाही मागितली. तिने फोन केला.

"लॉर्न, तुझा डबा माफी मागतोय. तू काय करतोयस?"

लॉर्नने टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला. 

"आवाज कमी येतोय का? वाढवून देऊ?"

व्हर्नाने फोन ठेवला. ती विनिपेगलाच राहिली आणि तिचे मनगटही बरे झाले. डबा मात्र वाया गेला नाही. एल्विराच्या शेजारच्या पाच नवऱ्यांनी तो ऐकला आणि तसाच आपल्यालाही मागवला. लॉर्न सध्या फार कामात असतो.

वाचक लॉर्नला हसले असतील, तर हरकत नाही. परवा तुमच्या ओळखीचा एक माणूस गेला. बातमी फोनवर आली, तुमचा अंगठा हलला आणि तिच्याखाली जोडलेले दोन हात उमटले. त्याच्या बायकोला भेटून आलात?